आमच्या समोरच्या दारातली फिल्मस्टार

ती. श्रीरंगदादास,

शैलजाचा इथूनच वाकून नमस्कार. तुझी शुगर, वहिनीचे गुडघे आणि सोसायटीची लिफ्ट, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालते. इकडे अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही खुशाल. (फोन सोडून तुझ्या ऑफिसच्या ईमेलवर एवढं लांब पत्र का, तर वहिनी फोन स्पीकरवर टाकते म्हणून. पुढे वाच, कळेल.)

दादा, आमच्या समोरच्या दारात फिल्मस्टार राहायला आलीय! प्रीता नाव, केरळची, नवरा इथल्या हॉस्पिटलात नर्स. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. (माझा मेलेला कढीपत्ता तिनेच जगवला, पण ते असो.) मी तिला आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला घेऊन गेले. एरवी नवीन माणूस दिसला की कुठले तुम्ही, कुठल्या कंपनीत, घर स्वतःचं की भाड्याचं, असा पंचनामा करणारे आमचे पुरुष एकदम गप्प! जो तो आपल्या प्लेटमधल्या गुळपोळीकडे बघतोय. आमची आन्या मोठ्यांदा म्हणाली, “आई, व्हाय आर ऑल द काकाज लुकिंग डाउन?” मंडळाच्या इतिहासात चाळीस पुरुषांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, की या बाईंना आपण ओळखत नाही.

मी दुसऱ्या दिवशी प्रीतालाच विचारलं. इडलीचं पीठ ढवळत तिनेही सरळ सांगून टाकलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी ती त्या ‘तसल्या’ दक्षिणेकडच्या पिक्चरांची हिरॉईन होती. तेच रे, हिंदीत डब होऊन सांगलीला सकाळच्या शोला लागायचे आणि ज्यांच्या तिकिटाचा तुकडा खिशात सापडला म्हणून बाबांनी तुला छत्रीने बडवलं होतं. (छत्री मोडली. उरलेला पावसाळा मी शाळेत भिजत गेले. तुझी चूक आणि सर्दी मला.)

चार वर्षांत साठ पिक्चर, दादा! एकेकाचं शूटिंग बारा दिवसांत! भल्याभल्या हिरोंचे पिक्चर आपटत होते तेव्हा कित्येक थिएटरवाल्यांच्या चुली हिच्या जिवावर पेटायच्या. ही साडी नेसून काम करून घरी जायची आणि निर्माता मागाहून दुसऱ्याच कुणा बाईचे उघडेवाघडे तुकडे मध्ये चिकटवायचा. हे तिला कळलं ते तोंडाला ओढणी गुंडाळून स्वतःचाच पिक्चर बघायला गेली तेव्हा. मला असा संताप आला! पण तिचं दुखणं वेगळंच होतं. म्हणाली, एवढ्या लोकांनी तिकिटं काढली, पण ‘मी तुमचा पिक्चर पाहिला’ असं तोंडावर म्हणणारा एक माणूस आजवर भेटला नाही. “आणि मी काम चांगलं करायचे गं.”

त्यातच महिला दिनाला मुंबईहून येणाऱ्या नटीला व्हिसा मिळाला नाही. मी कमिटीत प्रीताचं नाव सुचवलं. आता गंमत बघ. विरोध करायचा तर कारण द्यायला हवं, आणि कारण दिलं की चोरी पकडली! आमचा सेक्रेटरी देवांग खिचडीतल्या शेंगदाण्यांवरसुद्धा तासभर हरकत घेतो, तो नुसता पाणी प्यायला. ठराव बिनविरोध पास.

परवा शनिवारी भर दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. प्रीता फार छान बोलली, आणि शेवटी तिने हसत हसत विचारलं, “यहाँ मेरा पिक्चर किसी ने देखा है?” चाळीस पुरुष आपापले बूट तपासतायत. तिचं हसू विझत चाललेलं मला पहिल्या रांगेतून दिसलं. एवढ्यात मागे खुर्ची सरकली. आपला मनोहर! हॉटेलात पाणी मागतानाही कुजबुजणारा माझा नवरा उभा राहून म्हणाला, “मैंने देखा है. वो चाय के बागान वाला. तीन बार. आपका काम बहुत अच्छा था.” मग देवांग उठला. मग एकेक करत एकोणीस जण! बायकांनी आ वासलेला, आणि प्रीताने पदर डोळ्यांना लावलेला. दादा, मला नवऱ्याचा इतका अभिमान आमच्या लग्नातही वाटला नव्हता!

वहिनीला नमस्कार. (या पत्राचा सोडून बाकी सगळा निरोप दे.)

तुझी,
शैलजा

ता. क. १ : गाडीत बसल्यावर मनोहर म्हणाला, त्याने तिचा एकही पिक्चर पाहिलेला नाही. नागपूरला एकदा रांगेत उभा राहिला, पुढे ड्रॉइंगचे सर दिसले आणि पळून आला. चहाचा मळा पोस्टरवर होता. पण तिला तसं एकटं उभं बघवेना, म्हणाला.

ता. क. २ : या रविवारी प्रीताने आम्हाला जेवायला बोलावलंय. तिन्ही वेळा कुठला सीन आवडला, ते तिला मनोहरकडून ऐकायचंय. तेव्हा शुक्रवारपर्यंत चहाच्या मळ्याची सगळी गोष्ट सविस्तर लिहून पाठव. ‘गोष्ट कुठे होती’ असं कळवू नकोस. ती म्हणते, होती.

ता. क. ३ : तुझ्या माराची हकीकत मी तिला सांगितली. हसता हसता रडली. तिने तुझ्यासाठी नवी छत्री घेतलीय, दांड्यावर स्वतः सही करून. माझी मैत्रीण हिमानी मे महिन्यात सांगलीला येतेय, तिच्याबरोबर पाठवते. वहिनीला काय सांगायचं ते तुझं तू बघ.