शनिवारचं ‘येतो’

लोअर हट, न्यूझीलंड
४ ऑगस्ट २०१९

ती. अनुराधाताईंना,
यतीनचा नमस्कार.

इकडे आम्ही तिघं बरे आहोत. निवेदिताची नोकरी चालू आहे, ईशा चार वर्षांची झाली. थंडी अशी पडलीय की हीटरपुढून उठवत नाही. काकूंचा गुडघा आता कसा आहे?

तुमचा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. शार्दूलच्या आवाजाची सीडी ऐकून ऐकून खराब झाली, दुसरी पाठव, एवढंच मागितलंत. दहा मिनिटांचं काम. तरी मी उत्तर दिलं नाही, तुमचा फोनही घेतला नाही. रागावला असाल, रागवायलाच हवं.

आमचं रेडिओ स्टेशन महिनाअखेर बंद होतंय. युनिव्हर्सिटीला परवडत नाही म्हणे. निरोपाच्या पुस्तिकेत त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण जुना माणूस मीच उरलोय. लिहिला. मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विद्यार्थ्यांनी कसं सुरू केलं, २०११च्या रग्बी वर्ल्ड कपच्या धामधुमीत युनिव्हर्सिटीने जिमखाली खोली कशी दिली, क्लबांचे सामने, शाळांचं नेटबॉल, सगळं. त्याच वर्षी शार्दूल आणि मी शिकायला आलो आणि तिथे फुकटात राबायला लागलो. तुमच्या भावाला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सहा महिन्यांत म्हातारी माणसं त्याच्यासाठी स्टेशन लावू लागली.

कार्यक्रम संपवताना तो ‘येतो’ म्हणायचा, आपण घरातून निघताना म्हणतो तसं. आमचा मॅनेजर ग्रेग, त्याला वाटलं हे मराठीतलं गुडबाय. कोपऱ्यावरचा दुकानदार अजून मला ‘येटो, मेट’ म्हणतो. शार्दूल गेल्यावर ग्रेगने त्याचा तेवढा शब्द जपून ठेवला. पाच वर्षं दर शनिवारी सहाच्या ठोक्याला कॉम्प्युटर तो लावतो. मी अर्थ कुणाला सांगितला नाही. सहाला मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो, पाऊस असला तरी.

काल गाडीत होतो, मागे ईशा. निवेदिताने आधीच रेडिओ लावून ठेवला होता. बंद करायला हात पुढे केला तोवर तो बोललाच. ईशा मराठी बोलत नाही, पण तिला कळतं सगळं. तिने विचारलं, “डॅडी, व्हेन इज ही कमिंग?”

ताई, इतकी वर्षं इतक्या लोकांनी ऐकलं, अर्थ फक्त त्या पोरीला कळला. आणि काकूही तेच विचारतात. त्या मेसेजमध्ये तुम्हीच लिहिलंत की अस्थी स्वतःच्या हाताने सोडल्या, तरी आई श्राद्धाचं नाव काढू देत नाही, म्हणते शेवटचं ‘येतो’ म्हणालाय तो.

सीडीतलं ते ‘येतो’ त्या दिवसाचं नाही, ताई.

१० मे २०१४. सामना संपवून त्याने डोंगरापलीकडच्या मैदानावरून स्टुडिओत फोन केला. धुकं उतरलंय, क्लबवाले थांब म्हणतायत, सकाळी निघतो, म्हणाला. मैदानावरून थेट रेडिओवर बोलायची आमच्याकडे एकच पेटी होती, ती त्याच्यापाशी. सकाळी नऊला नेटबॉल. मी म्हणालो, पेटी आजच पाहिजे. तो म्हणाला, अरे, रस्ता दिसत नाहीये. मी वैतागलो होतो, सकाळपासून एकटा राबत होतो.

“दर वेळी तुझं काहीतरी असतंच,” मी म्हणालो.

“बरं बाबा. जातो मी.”

त्याच्या तोंडून ‘जातो’ मी पहिल्यांदाच ऐकलं. आपल्याकडे कुणी जातो म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच टोकतं, येतो म्हण. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रागात होतो, फोन ठेवून दिला. तासाभराने घाटातल्या वळणावर लाकडांचा ट्रक त्याच्या गाडीवर आला. दुसऱ्या दिवशीचं नेटबॉल आम्ही साध्या फोनवरून केलं. अगदी व्यवस्थित झालं.

स्टुडिओतले फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचे. तुम्ही त्याचा शेवटचा आवाज मागितलात, तेव्हा मी माझं बोलणं कापलं, ‘जातो’ कापलं आणि आधीच्या शनिवारचं ‘येतो’ जोडलं. काकूंना बरं वाटेल, असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला माझा आवाज कुणाला ऐकू द्यायचा नव्हता. त्यापायी काकू पाच वर्षं दाराकडे बघत बसल्या.

स्टेशनच्या इतिहासात तो शनिवार मी गाळला, म्हणून इथे लिहितोय. ग्रेगलाही काल फोन करून ‘येतो’चा अर्थ सांगितला. ३१ तारखेला शनिवार आहे. त्या दिवशी सहाला शार्दूल शेवटचं बोलेल, मग सगळी रेकॉर्डिंग पुसणार आहेत. तो खरा फोन मी उतरवून घेतलाय. पोस्टाने पाठवणार नाही. काकूंना ऐकवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ऐकवलात तर मी त्यांच्या समोर बसलेला असेन. त्यांनी काय वाटेल ते बोलावं.

पाच सप्टेंबरचं तिकीट काढलंय, पितृपक्षाच्या आधी पुण्यात पोचेन. तुम्ही दारातून परत पाठवलंत तरी वाईट वाटून घेणार नाही.

त्या दिवसापासून घरातून निघताना मी नुसतं ‘बाय’ म्हणतो. निवेदिता चिडते, पण तो शब्द माझ्या तोंडून निघतच नाही. आज लिहितोय.

येतो.

यतीन