साहेबांच्या गणपतीचे डोळे

४ ऑगस्ट, पेण
संपाचा पहिला दुष्परिणाम आमच्याच घरात. चहा अर्धा बशीत येतो. चहा हे पेय. बशीतला तो लेह्य. शास्त्राचा असा संकर बरा नव्हे. रोह्याच्या सरकारी दवाखान्यातली जुनी परिचारिका घरी बसली की असंच व्हायचं. सौ.ला तसं म्हटलं. "सरकार पगारवाढ मोजून देतं. तुम्हाला चहा तरी सांडून मिळतोय."

६ ऑगस्ट
रोह्याला संपाच्या मंडपात. वार्ताहर या नात्याने. पगारवाढीवरची मर्यादा हटवा, इ. बातमीत 'मोठी गर्दी' लिहिलं. सौ. म्हणे, 'प्रचंड' लिहा. प्रचंड होत्या त्या रिकाम्या खुर्च्या. मंडळी वडापाव खायला पुलापलीकडच्या अष्टमी गावात. बातमी गेली. 'प्रचंड'च.

९ ऑगस्ट
सौ. माहेरच्या कारखान्यात. मेहुणा नंदू गणपती करतो. लग्नाआधी डोळ्यांची आखणी हीच करायची, म्हणून तो खूश. "संप मिटाय नको गो ताई." पहिली मूर्ती पुढे केली ती नेमकी हिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांची, संपकऱ्यांना नोटिसा धाडणाऱ्या. हिने ब्रश उचलला. थांबली. खाली ठेवला.
"सरकारने आमची वाढ अडवली, मी यांचा गणपती अडवला."
मंडपात कळल्यावर टाळ्या म्हणे.

१२ ऑगस्ट
साहेबांचा फोन. मध्यस्थी करा, चतुर्थी आली, मूर्तीला डोळे नाहीत. म्हटलं, कान मोठे आहेत ना. या संपात कोणीतरी ऐकून घेणारा हवाच. साहेब हसले नाहीत.

१४ ऑगस्ट
सौ. मंडपात, म्हणून एकटाच नंदूकडे. म्हटलं, साहेबांच्या गणपतीवर राग कशाला? नंदू रंग ढवळत राहिला. मग हळूच म्हणाला,
"भावजी, साहेबांचाच नाय, कुनाचाच डोला काढला नाय तिनं. फळीवर रेघ मारून बघितलीन, वाकडी गेली. तुमाला सांगू नको म्हनाली."


१६ ऑगस्ट
चर्चा पुढे सरकलीय. संप मिटेल म्हणतात. संपादकांना 'आनंदाचे वातावरण' हवंय, तयार ठेवा म्हणाले. अजून एक ओळ नाही.
सकाळी चहा आला. बशीकडे नाही, हाताकडे पाहिलं. मग बशीतलाही पिऊन टाकला.
डॉक्टरला दाखव म्हणावं, तर तिचे डॉक्टर म्हणजे साहेबच.
संप मिटला की दुसऱ्या दिवशी ही कामावर. तान्ह्या पोरांच्या शिरा शोधून सुई लावायची. हात कापतो तिचा. तिला ठाऊक आहे, आता मलाही. विचारायचं धाडस होत नाही, आणि संप मिटू नये असं वाटतं.