चौदा खणांची पेटी

४ फेब्रुवारी २००८
या हातांनी केलेलं: होड्या दोन, वल्ही एकतीस, धोंडूच्या नातीचा पाळणा, देवळातल्या पालखीचा नवा दांडा — आणि मी सुताराचा मुलगा नव्हे! शिकवलं कुणी नाही. आज पेटी. फणसाची, नऊ इंच बाय साडेतीन. चौदा खण, सरकतं झाकण, खिळा एकही नाही. सकाळच्या खणांवर सूर्य कोरला, संध्याकाळच्या खणांवर चंद्र.

मथुरेसाठी. माझा भाऊ लवू ज्या एचआयव्हीनं गेला, तोच त्याच्या या बायकोला. सरकारी गोळ्या सुरू झाल्यात. एकही चुकवायची नाही म्हणतात, आणि तिला घेतली की नाही तेच आठवत नाही! मी आणि दवाखाना सोडून कुणाला ठाऊक नाही. कळलं तर बाजारात तिची मासळीची टोपली भरलेलीच परत यायची.

“गोळ्यांका देव्हारो केल्यात काय, भावोजी!” हसली. वर्षभरात पहिल्यांदाच.

३ मार्च
दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या शुभदा मॅडमनी मथुरेच्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकही चुकलेली नाही! पेटी उलटीपालटी करून पाहिली. “अशाच आणखी दोन पेट्या द्याल?” कोणासाठी ते सांगायचं नसतं म्हणे. बरोबर आहे.

९ मार्च
दोन्ही पोचवल्या. माझ्या प्रत्येक कामावर कोपऱ्यात एक मासा असतो. कुणी माझी म्हणून ओळखू नये, म्हणून या दोन्हींवर नाही कोरला. हात शिवशिवत होता.

२१ मार्च
मॅडमचा निरोप — मोठी ऑर्डर! फणसाचं लाकूड बघून आलो.

२४ मार्च
मथुरा शेजारी बाबलीकडे बांगडे द्यायला गेली. परतली, दार लावलं. मग —
“भावोजी, बाबलीच्या फळयेर तुमची पेटी आसा.”
तिच्या फळीवरची पेटी माझी कशावरून? मासा नाही तिच्यावर.
“मासो कित्याक होयो? तुमचो हात लपता खंय!”
आणि मला बरं वाटलं! आधी बरंच वाटलं. मग उमगलं — बाबलीलाही तेच दुखणं, आणि ते आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.
“उद्या कोणी माझी बघली, तर माझ्या मासळेक कोण हात लावचो नाय.”
पेटी तिनं तांदळाच्या पिंपात पुरली.

२६ मार्च
हात ओळखू येऊ नये म्हणून पेटी मुद्दाम ओबडधोबड करायला बसलो. दोन खण वाकडे जमले. तिसऱ्याला हात आपोआप सरळ!
पेटी नसली तर किती जण गोळी चुकवतील? असली तर किती घरं उघडी पडतील? काही समजत नाही.

२ एप्रिल
मॅडमना नकार कळवला. एकशेवीस पेट्या, नगास दोनशे. चोवीस हजार रुपये.