कोसाडच्या म्हशी, भुरीची पिल्ले आणि माझी सून

मी, धुरपदाबाई धुडकू खैरनार, वय साठीच्या पुढे, धंदा म्हशींचा, मूळ गाव साक्रीजवळ, हल्ली राहणार कोसाड, सुरत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सगळ्यांचे सांगणे बाजूला ठेवून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांना थोडी शंका होती, पण ते दूध माझ्याकडचेच घेतात. लिहिणार आमच्या शेजारच्या नीलाताई, मराठी शाळेतल्या शिक्षिका. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरायला सवड नव्हती.

माझे यजमान धुडकू बमरोलीच्या कारखान्यात लूम चालवत. आधी त्यांचे कान गेले, मग छाती गेली, शेवटी ते सगळेच गेले. मागे राहिले एक मुलगा योगेंद्र, एक भाऊ लक्ष्मण आणि दोन म्हशी. पैकी म्हशी वाढल्या.

कलम पहिले. वसाहतीतील राहती खोली मुलगा योगेंद्र व सून जयश्री यांना निम्मी निम्मी. मध्ये भिंत घालू नये. खोली तेवढी मोठी नाही.

कलम दुसरे. दीर लक्ष्मण यांस यजमानांचा रेडिओ. तो वाजत नाही. भाऊजींचे अडणार नाही, ते स्वतः दिवसभर वाजतात.

कलम तिसरे, म्हशी आणि कुत्र्यांबाबत. नीलाताई म्हणतात, यात हकिगत नको, फक्त मालमत्ता सांगा. पण हकिगत सांगितल्याशिवाय ही मालमत्ता कोणाची ते कळणार नाही, म्हणून सर्व लिहावे.

म्हशी पाण्यावर न्यायच्या तर मोठा रस्ता ओलांडावा लागतो. ट्रक, रिक्षा आणि लोकांचे भाजीचे वाफे. ठेवलेला गडी झाडाखाली झोपे आणि लोकांच्या शिव्या मला खाव्या लागत. एका साली आमच्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन कडोदऱ्याच्या बाजूला उतरले होते. त्यांच्या कुत्रीचे एक पिल्लू मी तुपाच्या बरणीच्या बदल्यात आणले. भाऊजी म्हणाले, मेंढरांचे कुत्रे म्हशीपुढे काय करणार. खरे तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हते, पण भाऊजी नाही म्हणाले म्हणून करून बघितले.

तीच भुरी. तिला मी पारड्यांमध्ये बांधून वाढवली. तिच्या अंगाला म्हशीचा वास लागला आणि म्हशींना ती आपल्यातलीच एखादी बुटकी, केसाळ पारडी वाटू लागली. पहिला शब्द शिकवला तो ‘थांब’. पळायला कुत्र्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग ‘मांगे’, म्हणजे कळपाच्या मागे जा. मग ‘आठे’, म्हणजे इकडे ये. काठी मारायला नव्हे, बाजू दाखवायला. म्हशीच्या तोंडासमोर भुंकायचे नाही, ती उलटी फिरते. मागल्या खुराजवळ हलके दात लावायचे आणि लगेच जमिनीला चिकटायचे, म्हणजे लाथ डोक्यावरून जाते. हे मात्र मी शिकवले नाही. ते आमच्या तांबू म्हशीने शिकवले, एका लाथेत. कासेला तोंड घालणारे पिल्लू मी ठेवत नाही, मग आई कितीही गुणी असो. घरात हा नियम लावता येत नाही, हे दुर्दैव.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या वाहनाने पळाले. योगेंद्र आणि भाऊजींनी टेम्पो आणला. भाऊजी सर्वात आधी चढून बसले, सामानाला जागा राहावी म्हणून पाय मात्र आत घेतले. योगेंद्र मला म्हणाला, “आई, जीव वाचला तर म्हशी पुन्हा घेता येतील. दावी सोड आणि चल.” मी म्हटले, तू जा. तो रडला. खोटा नव्हता रडत. तो वाईट नाही, फक्त घाबरट आहे, आणि मी त्याचे लग्न लावले तेव्हा मुलीकडच्यांना मी हे सांगितले नव्हते. त्यांनीही विचारले नव्हते.

जयश्री टेम्पोत बसलेली होती. सुरतेतच जन्मलेली पोर, बोलणे अर्धे गुजराती, शेणाला नाक मुरडणारी. टेम्पो सुरू झाला आणि ती म्हणाली, “पण भेंस कोण दोहशे?” म्हणजे म्हशींची धार कोण काढणार. भाऊजी सामान नीट लावत राहिले. तशी ती पिशवी घेऊन खाली उतरली. योगेंद्रने दोनदा हाक मारली. भाऊजींनी ड्रायव्हरला चल म्हटले.

दोन दिवसांत मला ताप भरला. मलेरियाच होता तो, पण तेव्हा सुरतेत तापाला एकच नाव होते. वसाहतीत उरलेले लोक आमच्या दाराकडे फिरकेनात. जयश्रीने मला काढा दिला, दूध काढले आणि म्हशी एकटीने बाहेर काढल्या. भुरी रस्त्याच्या कडेला जाऊन बसली ती बसलीच. जयश्री गुजरातीत ओरडत होती, आणि या कुत्रीला अहिराणीशिवाय काही कळत नाही. म्हशी वाटेल तिकडे गेल्या. संध्याकाळी त्या एकेक करून गोळा केल्यावर जयश्री माझ्या खाटेपाशी बसून रडली. मी तापात होते, तरी सांगितले, “ओरडू नको. हळू बोल. भुरीला ऐकू येतं, बहिऱ्या म्हशी आहेत.” मग मी पडल्या पडल्या शब्द म्हणायची आणि ती माझ्यामागून म्हणायची. दाराबाहेर भुरी कान उभे करून उठायची आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघायची.

पुढल्या फेरीला मी दारात टेकून पाहिले. रस्ता मोकळा होता, पण म्हशी बिथरल्या होत्या. जयश्री मध्ये उभी राहिली, काठी आडवी धरली आणि नुसते “मांगे” म्हणाली. भुरी जमिनीसरशी वळून कळपामागे गेली. सगळ्या म्हशी पलीकडे पोचल्यावर ती पोर वळून माझ्याकडे बघून हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. तापाचे असेल. नीलाताई, हे खोडू नका.

दूध घ्यायला गिऱ्हाईक नव्हते. जे उरले होते त्यांच्या दारात आम्ही भांडे ठेवून यायचो. हळूहळू दारे उघडायला लागली.

महिन्याभराने योगेंद्र परतला, तोंडावर रुमाल तसाच. तो थेट तबेल्यात शिरला. भुरीने त्याला चुकलेले जनावर समजून टाचेला दात लावले, गव्हाणीपर्यंत नेले आणि कोपऱ्यात उभे केले. जयश्री धार काढत होती. तिने वर पाहिले नाही. बादली भरल्यावर हळूच म्हणाली, “आठे.” भुरी तिच्याकडे गेली. योगेंद्रही गेला.

आता योगेंद्रला तबेला विकून तिथे लूम बसवायचे आहेत, आणि कुत्री कडोदऱ्याच्या हायवेवर सोडायची आहेत. हे त्याने मला सांगितले नाही. जागा बघायला आलेल्या दलालाने सांगितले. म्हणून मी जयश्रीला एकटीला बसवून विचारले, म्हशी नको असतील तर आजच सांग, मी रागावणार नाही. तिने बराच वेळ पारडीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, “कुत्री माझ्या नावावर करा, आत्याबाई. म्हशी त्यांच्या पुढे चालतातच.”

सबब तबेल्याची जागा, सर्व म्हशी, पारडी, भुरी व तिची पिल्ले पतंग आणि हवालदार, दरोबस्त, मी माझ्या पश्चात सौ. जयश्री हिला एकटीला देत आहे. हवालदार कामाचा नाही. उभा राहून फक्त बघतो, म्हणून ते नाव. तरीही तो द्यावा लागेल, कारण पतंग त्याच्याशिवाय जेवत नाही.

योगेंद्र याने या मालमत्तेवर हक्क सांगू नये. त्याला हयातभर दोन वेळचे दूध मिळावे. विकण्याचा विषय काढील त्या दिवशी पाणी घातलेले मिळावे.

कलम चौथे आणि शेवटचे. मी जाईन त्या दिवशीही म्हशी वेळेवर सोडाव्यात. जयश्रीने त्यांच्याबरोबर जावे, माझ्यापाशी रडत बसू नये. रडायला योगेंद्र आहे, त्याला ते चांगले जमते. माझी तिरडी निघाली आणि समोरून म्हशी येत असल्या, तर खांदेकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला व्हावे. म्हशींना वाट द्यावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. ऐकताना दोनदा हसू आले, बाकी सर्व कबूल.

सही: धुरपदाबाई धुडकू खैरनार
(सही येते. सावकाश येते.)

साक्षीदार: बन्सीलाल, पेंडवाले, अमरोली
साक्षीदार: मंगलाबाई, शेजारीण, कोसाड
लिहिणार: नीला प्रकाश देवस्थळी

ठिकाण: कोसाड, सुरत
दिनांक: ११ फेब्रुवारी १९९७