विनोदाचा रकाना

प्रिय बाबा,

पत्र घरी पाठवलं असतं तर शेजारच्या काकांनी ते आईला वाचून दाखवलं असतं, म्हणून तुमच्या शिवणाच्या दुकानात पाठवतेय. तुम्ही माझ्याच पुस्तकातून अक्षरं शिकलात, त्यामुळे मोठं लिहिलंय. गिऱ्हाईक नसताना सावकाश वाचा.

घरात शिकलेली पहिली मी, म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरगी मोठ्या कचेरीत आहे. खरं सांगू? मी दिवसभर कार्टून बघते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. मुलांना पुन्हा दाखवण्याआधी त्यात बायका-पुरुष कसे रंगवलेत, त्याचा तक्ता भरायचा असतो. उंदरीण पापण्या फडफडवत किंचाळते आणि उंदीर तिला वाचवतो, करा खूण. अस्वलीण चुलीपासून हलत नाही, करा खूण. चुकायच्या धास्तीने मी एकेक तीनदा बघते. सोबतच्या पोरी म्हणतात, अगं, उंदीर काय कोर्टात जाणार आहे?

मंगळवारी एक आलं. जाडजूड बदकीण आणि काडीसारखा नवरा. तो उशिरा येतो, ती दाराआडून लाटणं हाणते. टेंगूळ वर येतं, भोवती चांदण्या फिरतात, पुढच्या क्षणी सगळं गायब. 'बायको भांडकुदळ' यावर मी खूण केली. पण त्याला लागलं, ते कुठे लिहायचं? मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, ते विनोदाच्या रकान्यात टाक.

मला टाकवेना. तुमचं टेंगूळ आठ-आठ दिवस जायचं नाही, बाबा. गल्लीत तुम्हाला 'चांदण्या' म्हणायचे. काय चांदण्या, आज किती मोजल्या? तुम्ही टोपी खाली ओढून हसायचात. मीही हसायचे. आई दमते, तिचा हात चालतो, त्यात काय एवढं, असं तुम्हीच म्हणायचात. बाईने पुरुषाला मारलं तर कुणी रडतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी नववीत असताना तुमच्या भुवईला टाके पडले. दवाखान्याचा कागद भरता येणारी मी एकटीच. कसं लागलं, नर्सने विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. गप्प राहा म्हणून बघताय, असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, सांग म्हणून बघत होतात. शाळेत पोरं हसतील या भीतीने मी लिहिलं, वडील जिन्यावरून पडले. आपल्या घराला जिनाच नव्हता.

काल मावशीचा फोन आला. हसत हसत म्हणाली, तुझ्या बापाचा हात प्लास्टरमध्ये आहे, कापड धरता येत नाही, तरी रोज दुकानात जाऊन बसतो. म्हणून हे पत्र. मी खोली घेतलीय, दोन खाटा मावतात. आई माझीही आई आहे. तिच्याशी मी बोलेन, पण तुम्ही तिथून निघाल्यावर. शनिवारी दुपारी दुकानात येते, माझ्यासोबत चला. नाही म्हणालात तरी मी चिडणार नाही. फक्त हसून नाही म्हणू नका.

कागदावर खोटं लिहिणारी, पण तुमचीच,
मोठी