शेवंताबाईच्या खोलीतला कापूस

११ डिसेंबर
दारिद्र्यरेषेचा सर्व्हे, पुन्हा आम्हा मास्तरांच्याच गळ्यात. अख्खं गाव वेचणीला, दारांना कुलपं. खिडक्यांतून डोकावत फॉर्म भरले. शेवंताबाई विधवा, पण खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली! लिहिलं : शेती आहे. साडेपाचची दिग्रस एसटी सापडली. खूश.

१४ डिसें.
फॉर्म जमा. खाली छापलेलं, ‘प्रत्यक्ष चौकशी केली’. धडाधड सह्या ठोकल्या. सगळेच ठोकतात.

२६ जाने.
झेंडावंदन, मग ग्रामसभा. यादीत शेवंताबाई नाही. उठून म्हणाली, “मले कायले काढलं?”
ग्रामसेवक : “बाई, तुमची शेती हाय.”
“कुठं हाय? दाखवा, आजच नांगरतो.”
सभा हसली. मीही हसलो. शी.

२८ जाने.
शाळेत आली. ती ज्याच्या शेतात मजुरीला जाते, तो कापूस त्या मालकाचा होता. सरकारी खरेदी सुरूच होईना, म्हणून त्याने हिच्या खोलीत कोंबला. ही महिनाभर ओट्यावर, थंडीत. आता पिवळं कार्ड जाणार, म्हणजे स्वस्त धान्य बंद.
“तुमचं अक्षर चांगलं हाय गुरुजी, अर्ज लिवून द्या. कोन्या मुडद्यानं शेती लिवली, थेबी शोधा.”
मीच तो, हे तिला ठाऊक नाही. बोलायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “बघतो.”

३० जाने.
ग्रामसेवकाला एकटं गाठलं. म्हणाला, “चौकशी केलीच नाही असं लेखी द्या, नाव परत येते. पन सर, तुमचं हेडमास्तरकीच्या बढतीचं चालून राह्यलं ना? काहून भानगडीत पडता?”
सुधाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग लिहा की.” बायकोला सोपं आहे.

२ फेब्रु.
अर्ज लिहिला. ‘सर्वेक्षकाच्या नजरचुकीने’. नाव नाही घातलं. वाचून दाखवला, तिने विश्वासाने अंगठा दिला. पदरातले ओले हरभरे माझ्या टेबलावर ठेवले. मी ते खाल्ले. इतका निर्लज्ज.

९ फेब्रु.
तहसीलमधून अर्ज परत. शेरा : ‘सर्वेक्षकाचा लेखी जबाब जोडावा.’ मजुरी बुडवून ती सकाळपासून व्हरांड्यात बसली आहे. मधल्या सुट्टीत कागद घेतला. ‘मी, खाली सही करणार,’ एवढंच झालंय. आत्ता दारातून म्हणाली, “गुरुजी, त्या मानसाची नोकरी तं जानार नाही ना? तसं काही नका लिवू. त्यालेबी लेकरंबाळं असतीन.”