नखांवरची मेंदी

प्रिय अण्णा,

तुमच्या पाया पडते, असं लिहायला घेतलं आणि थांबले. पायांवरूनच तर माझं तुमच्याशी भांडण आहे. ते पुढे येईलच.

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पण आज वर्गात एक गोष्ट झाली आणि घरी आल्यापासून चैन पडत नाही. आईला सांगावं तर ती आधी रडेल आणि मग माझ्यासाठी चहा ठेवेल. मग राहिलं कोण? दवाखान्याच्या गोष्टी ऐकून घ्यायला आपल्या घरात नेहमी तुम्हीच असायचा.

मी आता नर्सिंग कॉलेजात शिकवते, अण्णा. सिस्टरची मॅडम झाले. आज मुलींना हृदयाच्या झडपेला होणारा संसर्ग शिकवायचा होता. रोग हृदयात, पण खुणा अंगभर. बारीक ताप, सांधेदुखी, कधी लघवीतून रक्त, आणि नखांखाली लाल रेषा, कुसळ रुतून बसावं तशा. एक मुलगी पेशंट होऊन पलंगावर झोपली. मी लाल पेन उघडलं, तिचा हात धरला आणि माझा हात पुढे सरकेना. मुली बघत राहिल्या. त्यांना काय सांगणार होते मी? की या रेषा मी पहिल्यांदा माझ्या बापाच्या नखांवर काढल्या होत्या?

पहिल्या वर्षाला मला काहीच लक्षात राहायचं नाही, आठवतंय? कुठला जंतू कुठं जाऊन बसतो, कुठल्या रोगात पोट दुखतं आणि कुठल्यात मान धरते, सगळी खिचडी. मी पुस्तक फेकून रडत बसले होते. तुम्ही बिडकीनच्या कंपनीतून, स्टोअरचं काम आटोपून आलात, लुंगी नेसलात आणि सरळ दिवाणावर आडवे झालात. म्हणालात, "चला सिस्टर, पेशंट आलाय. वळखा काय झालंय ते."

त्या दिवसापासून पुंडलिकनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत रोज एक नवा रोगी भरती व्हायला लागला!

गावी पाचोडला गणपतीच्या नाटकात कामं केलेला माणूस तुम्ही. टीबीचा पेशंट झालात तेव्हा असे खोकलात की शेजारच्या काकू अडुळशाचा काढा घेऊन आल्या. मेंदूज्वर झाला त्या दिवशी अख्खं जेवण मान ताठ ठेवून केलंत. आमटी लुंगीवर सांडली, पण मान वाकवली नाहीत. काविळीला चेहऱ्याला हळद फासलीत आणि नेमकं घरमालक भाडं मागायला आले. आणि तो कुत्रं चावलेला पेशंट! आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तर तुम्ही असे मागं सरकलात की तिच्या हातून तांब्याच पडला. दिवेलागणीला असलं सोंग घरात नको, म्हणून ती दोन दिवस तुमच्याशी बोलत नव्हती.

खेळाचा नियम तुम्हीच केला होता. मी विचारेन तेवढंच सांगायचं. एकदा मी चिडले, की घाम येतो हे आधी का नाही सांगितलं. तर तुम्ही उठून बसलात. म्हणालात, "पेशंट कधी आपणहून सगळं सांगत नसतो, बाई. तू इचारलं नाय, तर मी कशाला सांगू?"

म्हणून मी क्रम लावून घेतला. ताप, घाम, भूक, वजन. मग छाती, पोट, लघवी, सांधे, डोकं-मान, आणि शेवटी कातडी आणि नखं. तुम्हाला तो क्रम माझ्याआधी पाठ झाला. मी अडखळले की पेशंटच पुढचा प्रश्न सुचवायचा. आणि शेवटी तुमचं ठरलेलं वाक्य, "वळखलं का, सिस्टर?"

झडपेचा पेशंट तुमचा सगळ्यात आवडता. लहानपणी घसा धरून गुडघे सुजले होते, त्यात तुमच्या हृदयाची एक झडप कायमची खराब झाली. "हा रोल माझ्याच अंगाचा हाय," असं म्हणून तुम्ही दोन्ही हात पुढं केले होते. मी लाल पेनानं एकेका नखावर रेषा ओढल्या. त्या धुतल्या तरी निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तसेच कंपनीत गेलात. कुणी विचारलं तर सांगितलंत, लेकीनं रोग काढून दिलाय. घरी येऊन ते सांगताना किती हसत होता तुम्ही!

त्याच दिवशी मी तुम्हाला बजावलं होतं. तोंडातले जंतू रक्तात जातात आणि खराब झडपेवर घर करतात. दाताला कुणी हात लावायच्या आधी मला फोन करायचा आणि डॉक्टरला झडपेचं सांगायचं. तुम्ही मान डोलावली होती. डोलावली होती ना?

मग पाचोडला लग्नाला गेलात तेव्हा दाढ काढून घेताना काय झालं होतं तुम्हाला? आई म्हणते, ठणका एवढा होता की तुम्ही डोकं धरून बसला होता. मान्य. पण त्या डॉक्टरला एक शब्द सांगायला काय हरकत होती? त्यांनी विचारलं होतं म्हणे, काही जुनं दुखणं आहे का. तुम्ही म्हणालात, नाय. आणि मला फोनवर म्हणालात, लग्नात जेवण लई झ्याक होतं.

त्यानंतर संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं. उशी घामानं ओली व्हायची. ताटातली भाकरी तशीच राहायची. आई दवाखान्यात चला म्हणाली की तुमचं एकच. पोरीची परीक्षा होऊ दे. तिला कळलं तर ती तिथून उठून येईल आणि इथंच बसंल.

ही भीती आली होती आधीच्या वर्षातून. पुढचं शिकायला मी पुण्यात होते; आईला डेंगी झाला तेव्हा तिथून आले, परीक्षा बुडाली आणि माझं एक वर्ष गेलं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं हो! आईच्या पलंगाशी बसले, यात वाया काय गेलं? पण तुम्ही ते वर्ष मनाला लावून घेतलंत. आपल्याच घरामुळं लेक मागं राहिली, असं. हे तुम्ही कधी बोलला नाहीत. बोलला असता तर मी तिथल्या तिथं तुमच्याशी भांडले असते.

शेवटच्या परीक्षेआधी मी घरी आले. दारातच दिसलं मला, अण्णा. शर्टाची कॉलर सैल झाली होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही आणि विचारायला सुरुवात केली. संध्याकाळी ताप येतो का? नाय. घाम? उन्हाळाच हाय, सगळ्यांनाच येतोय. भूक? चांगली हाय. दम लागतो? नाय. मी सांध्यांचं विचारायच्या आधीच तुम्ही म्हणालात, सांधेबी चांगले हायत. आई ओट्याजवळ पाठ करून उभी होती. ती एकदाही वळली नाही.

मी छातीला नळी लावली. पण खराब झडपेमुळं तुमच्या छातीत येणारा आवाज मी लहानपणापासून, कान लावून, ऐकत आले. त्यात नवा कुठला आणि जुना कुठला, मला कसं कळावं?

शेवटी म्हटलं, हात दाखवा. तुम्ही दोन्ही हात पुढं केलेत, अगदी पेशंटसारखे. सगळी नखं मेंदीनं रंगलेली, मुळापर्यंत गर्द तपकिरी. मी हसले! म्हटलं, अण्णा, केसांपेक्षा नखंच जास्त रंगलीत. तुम्हीही हसलात. आई दर महिन्याला हाताला पिशवी बांधून तुमच्या केसांना मेंदी लावायची, तुम्हाला कधी बोटही बुडवू द्यायची नाही. या खेपेला तुम्ही वाटी तिच्या हातून घेतलीत आणि उघड्या हातांनी लावलीत, हे तिनं मला नंतर सांगितलं. मी तिला विचारलं, मुद्दाम? ती म्हणाली, मला काय माहीत बाई, मला वाटलं हौस आली असंल.

निघताना मी पाया पडायला वाकले. इतकी वर्षं प्रत्येक परीक्षेला तुम्ही आपणहून पाय पुढं करायचा, लवकर पड, बस जाईल, म्हणून घाई करायचा. त्या दिवशी मात्र तुम्ही दिवाणावर गोधडी घेऊन बसला होता. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं आणि तुम्ही गोधडी घेऊन! मी हात पुढं केला तसे पाय आत ओढलेत. म्हणालात, "माझ्या काय पडतीस? देवाच्या पड आणि जा." मी गोधडीवरूनच हात टेकला आणि पळाले.

परीक्षेच्याच दिवशी तुमचं तोंड वाकडं झालं. आई तुम्हाला घेऊन दवाखान्यात गेली आणि मला परीक्षा संपल्यावर फोन केला, तुम्ही तिच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं म्हणून. मी पोचले तोवर डॉक्टरांनी ओळखलेलं होतं. रक्त तपासायला गेलं होतं, औषधं सुरू होती. झडपेवरच्या संसर्गाचा एक तुकडा सुटून मेंदूत जाऊन अडकला होता. त्यांनी काही कमी केलं नाही, अण्णा. फक्त उशीर झाला होता.

मी तुमच्या पलंगापाशी उभी राहिले. काय करावं सुचेना, म्हणून आपली चादर नीट करायला लागले. आणि तुमचे पाय दिसले. अंगठ्याच्या नखाखाली लाल रेषा. शेजारच्या बोटांनाही. तळव्यावर बारीक लाल ठिपके. जशा मी काढल्या होत्या तशाच रेषा, फक्त या पेनाच्या नव्हत्या. पायाला मेंदी लावायची राहून गेली होती.

डावा पाय तर हलतच नव्हता. उजवा तुम्ही हळूच चादरीखाली ओढून घेतलात.

मग जड जिभेनं विचारलंत, "परीक्षा झाली?"

मी हो म्हटलं. तोंडाच्या एका कोपऱ्यातून, अर्धवट, तुमचं ते वाक्य आलं. "वळखलं का, सिस्टर?"

"वळखलं, अण्णा," मी म्हटलं.

तुमचं माझं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर तुम्ही डोळे उघडलेत, पण बोलला नाहीत.

लोक तेराव्याला आले तेव्हा एकजण म्हणाला, एवढी शिकलेली पोरगी घरात आणि बापाचं दुखणं कळलं नाही. मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याला काय सांगू? की ज्यानं ओळखायला शिकवलं त्यानंच लपवलं, आणि कुठं शोधणार हे ठाऊक असल्यानं इतकं नीट लपवलं? माझी चूक असती तर बरं झालं असतं, अण्णा. स्वतःला शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुमच्यावर चिडते आणि लगेच रडू येतं, त्यामुळं धड चिडताही येत नाही. तुम्हाला काय वाटलं, मला परीक्षा जास्त हवी होती? कुणी विचारलं होतं मला?

पास झाले मी. पेढे तुमच्या फोटोपुढं ठेवले आणि पाया पडायला वाकले. फोटो कंपनीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. छातीपर्यंतच आहे. खाली नुसती चौकट. मी तिथंच जमिनीवर बसून राहिले.

तर आज वर्गात माझा हात थांबला. पलंगावरची मुलगी म्हणाली, मॅडम, दुसरा हात देऊ का? मी म्हटलं, नको. बूट-मोजे काढ. ती बिचारी गडबडली. मी खाली वाकले, तिचा पाय हातात घेतला आणि अंगठ्याच्या नखावर रेषा ओढली. ती पाय ओढायला लागली, मॅडम, पायाला नका हात लावू, पाप लागंल मला. मी तिचा पाय घट्ट धरून ठेवला. सगळ्या रेषा काढल्या. मग मुलींना सांगितलं, हाताला मेंदी असते, नखांना रंग असतो, अंगावर गोधडी असते. पेशंट नाही म्हणाला तर विचारणं थांबवायचं नाही, आणि पांघरूण बाजूला केल्याशिवाय तपासलं असं म्हणायचं नाही. एकीनं विचारलं, असं लपवतं का हो कुणी? मी म्हटलं, ज्याला तुमची काळजी असते तो लपवतो.

आई बरी आहे. परवा तिची दाढ दुखली तर आधी मला हाक मारली. मी तिची नखं बघते म्हणून ती वैतागते, पण हात पुढं करते.

तुम्हाला एक शब्द देते. माझ्या हाताखालून जाणारी एकही मुलगी पेशंटचे पाय बघितल्याशिवाय त्याच्या पलंगापासून हलणार नाही. तुमचं नाव मी त्यांना सांगणार नाही. पण तुमचा नियम सांगेन, पेशंट आपणहून सगळं सांगत नसतो. आणि जो कुणी माझ्यापुढं पाय आत ओढून घेईल, त्याला सोडून मी कुठल्याही बससाठी पळणार नाही.

आता पाय पुढं करा, अण्णा. आज मला घाई नाही.

तुमची सिस्टर,
वर्षा